जीपची बॉडी रहाटावर: प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

आज बॉडी चासीवरून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून, सुटली. तीन आठवडे बोल्टांवर रोज डिझेल सोडत होतो, तरी दोन जाम ते जामच राहिले, शेवटी ग्राइंडरने उडवले. मी, धाकटा, वेल्डिंगवाले मामा आणि त्यांचा हेल्पर, अशा चौघांनी उचलून चार टायरांवर ठेवली.

गाडी आजोबांची. १९५८ साली त्यांनी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, त्याने ती लष्कराच्या डिस्पोजलमधून उचलली होती. घरात सगळे तिला ‘विलिस’ म्हणतात, पण चासीचा पुढचा आडवा दांडा पालथ्या यू-चॅनेलचा आहे. विलिसच्या गाडीला तिथे गोल पाइप असतो. म्हणजे ही फोर्डची, जीपीडब्ल्यू. जी म्हणजे सरकारी कंत्राट, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे नकाशा विलिसचा. दुसऱ्या महायुद्धात एकट्या विलिस कंपनीला मागणी पुरी करता येईना, म्हणून त्यांचाच नकाशा घेऊन फोर्डनेही जीप बनवल्या. फोर्डवाल्यांनी आपल्या बारीकसारीक भागांवरसुद्धा लफ्फेदार एफ उमटवलाय. आज सुटलेल्या बोल्टांपैकी सात बोल्टांच्या डोक्यावर तो सापडला. ते वेगळ्या डब्यात ठेवलेत, चिठ्ठी घालून.

बॉडी खाली ठेवल्यावर बॅटरी घेऊन आत सरपटलो. वरून फ्लोअर बरा दिसायचा, खालून मात्र चाळण झालीय. एका ठिकाणी पत्र्यावर पत्रा असे चार थर मोजले. साठ वर्षं प्रत्येक मिस्त्रीने वरूनच ठिगळ मारलं, कारण बॉडी उतरवायला कुणाला सवड नव्हती. दोन थरांच्या मधे पाणी साचत गेलं आणि आतला पत्रा खात गेलं. आता वरून आणखी एक ठिगळ मारणार नाही. खालची बाजू वर आणायची, असं ठरलंय.

२६ नोव्हेंबर

परदेशी लोक याला रोटिसरी म्हणतात. कोंबडी सळईवर फिरवावी तशी अख्खी बॉडी दोन घोड्यांच्या (उभ्या लोखंडी स्टँडच्या) मधे अडकवून गोल फिरवायची. मामांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “ह्यो तर रहाट झाला की!” तेव्हापासून आमचा शब्द रहाटच.

कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शर्मन रणगाड्यांची कवचं वेल्ड करताना ती फिरवता येणाऱ्या सांगाड्यात धरत. कारण साधं आहे. डोक्यावर वेल्डिंग करताना रस खाली गळतो, मनगट दुखतं, ठिणगी मानेत जाते आणि टाका कच्चा राहतो. काम फिरवून समोर आडवं आणलं की रस जिथे हवा तिथे बसतो. रणगाड्याला जे लागू, तेच आमच्या १६ गेजच्या (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) फ्लोअरला.

उंचीचं गणित वहीत मांडलं. जीप ६२ इंच रुंद, म्हणजे साधारण १५७ सेंमी, त्याचं निम्मं ७९. बॉडीची उंची ८० धरली. आस, म्हणजे बॉडी जिच्याभोवती फिरणार ती रेषा, मधोमध धरला तर सर्वांत लांबचा कोपरा साधारण ८९ सेंमीवर येतो. पण आस मधोमध राहणार नाही, वजन जिथे आहे तिकडे सरकवावा लागणार. पंधरा सेंमी सरकला की तोच कोपरा ९६ वर जातो. म्हणून शाफ्ट जमिनीपासून ११५ सेंमीवर. दोन्हीकडे हात घालायला जागाही उरते.

३ डिसेंबर

सकाळी भंगार बाजार, दुपारी कोल्हापूरचं उद्यमनगर. तीन इंची चौकोनी पाइप, पायाला सी-चॅनेल, आणि ब्रेकवाली सहा चाकं. शाफ्टसाठी ५० मिमीचा गोल बार आणि प्रत्येक घोडीवर दोन पेडस्टल बेअरिंग, यूसीपी २१०. पाइपात पाइप घालून ग्रीस मारूनही चालतं म्हणतात. पण मला बॉडी एका हाताने फिरवायची आहे, आणि समतोल नीट साधलाय की नाही हे बेअरिंगवरच कळतं. घासणाऱ्या पाइपात चुका झाकल्या जातात.

टर्नरकडून ३०० मिमी व्यासाच्या, १० मिमी जाड दोन चकत्या करून घेतल्या, प्रत्येकीला कडेने २४ भोकं. दर १५ अंशांवर १६ मिमीची पिन घालून बॉडी अडकवता येईल. दोन घोड्यांना जोडणारा खालचा पाइपही हवाच, नाहीतर वजन आलं की घोड्या एकमेकींपासून फाकतात. तो पाइपात पाइप सरकणारा केलाय, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते.

मजुरी धरून १४,६०० रुपये झाले.

१० डिसेंबर

रहाटाला हात लावण्याआधी बॉडीला आतून आधार. जीपला दारं नाहीत, दाराच्या जागी नुसती खोल खाच आहे. तिथे बॉडीला फक्त फ्लोअर धरून ठेवतो, आणि नेमका तोच आम्ही कापणार आहोत. आधाराशिवाय उचलली असती तर पुस्तक मिटावं तशी मधे वाकली असती.

मामांनी टॅक मारायला घेतलं तसं मी थांबवलं. आधी कर्ण मोजले. डाव्या काउलपासून (काचेखालच्या पुढच्या भागापासून) उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचा आणि त्याच्या उलटा, यांत तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक होता. एवढ्या वर्षांत कधीतरी मागून उजवीकडे ठोकर बसलेली असणार. वाकड्या बॉडीला आधार मारला तर वाकडेपणाच पक्का होतो. साखळी आणि बॉटल जॅक लावून दुपारभर थोडं थोडं ओढलं. फरक अर्ध्या सुतावर आला तेव्हा मामा म्हणाले, “आता हात लावू नगंस.” मग इंची चौकोनी पाइपचा फुलीसारखा आधार, दोन्ही खाचांना उभा-आडवा.

१७ डिसेंबर

आज चूक झाली आणि ती माझी होती. सविस्तर लिहितो.

पुढे फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला) आणि मागे स्टेपनीच्या ब्रॅकेटच्या जागी पट्ट्या लावल्या. पत्रा पातळ म्हणून दोन्ही बाजूंनी ४ मिमीची प्लेट, मधे पत्रा, असं सँडविच करून बोल्ट आवळले. इथवर सगळं ठीक. शाफ्ट मात्र मी बॉडीच्या उंचीच्या बरोबर मधोमध घेतला. डोळ्याला ते सरळ वाटलं.

पहिल्या ९० अंशांपर्यंत दोघांना जोर लावावा लागला. तिथेच समजायला हवं होतं. पिन न घालता आम्ही तसंच पुढे ढकललं. फ्लोअर जवळजवळ वर पोचला, साधारण दीडशे अंशांवर, आणि धाकट्याचा हातमोजा घसरला. बॉडी एका झटक्यात परत फिरली, खाली लोंबकळून पुन्हा वर गेली, पुन्हा आली. तिसऱ्या झोक्याला काउलचा कोपरा घोडीच्या पायाला धडकला. धाकट्याच्या मनगटावर लांब ओरखडा आला, हाड वाचलं. काउलची कड दीड इंच आत गेली.

शेड एकदम शांत झाली. मामांनी आधी धाकट्याचा हात धुवून हळद लावली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वजन कुठं हाय ते बॉडीला इचार. तुझ्या डोळ्याला नगं इचारू.”

फ्लोअर, त्याखालचे चॅनेल, चाकांवरचे बॉक्स, सगळं वजन तळात आहे. आस त्याच्या वर धरला तर बॉडी लोलकासारखी वागणारच. आजपासून नियम: पिन काढण्याआधी दोन माणसं दोन टोकांना, तिसऱ्याचा हात पिनवर, आणि फिरत्या बॉडीच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

२४ डिसेंबर

शाफ्टची प्लेट आता उभ्या खाचेत सरकते, खालून एक लांब आट्यांचा बोल्ट फिरवला की वरखाली होते. बॉडी ९० अंशांवर कुशीवर आणायची, पकड किंचित सैल करायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. फ्लोअर खाली गेला तर आस फ्लोअरकडे सरकवायचा. आम्ही एकेक सूत करत सव्वापाच इंच खाली आलो.

तरीही ती डावीकडे कलत होती. गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसायची खोलगट जागा आहे. वजन तिथे जास्त. म्हणून प्लेटला आडवी खाचही पाडली.

दुपारी साडेतीनला बॉडी कुशीवर थांबली. मी हात काढला. तशीच राहिली. धाकट्याने एका बोटाने ढकलली तर पूर्ण फिरून जिथे सोडली तिथे उभी राहिली. लहानपणापासून जिच्यात चढायचो उतरायचो त्या गाडीचं पोट आज पहिल्यांदा उन्हात पाहिलं.

उलटी केल्यावर चॅनेलच्या आतून वळवासारखा आवाज आला. गंजाचे पापुद्रे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला घरंगळत होते. कोपऱ्यातल्या टूलबॉक्सच्या फटीतून शेतातली वाळलेली माती, उसाच्या पाचटाचे तुकडे आणि दोन नये पैशांचं एक नाणं पडलं, नक्षीदार कडेचं, १९६२ चं. बाबांनी ते बराच वेळ हातात धरलं. तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि मागच्या सीटवर बसायचे.

७ जानेवारी २०२४

रंग काढणं चालू आहे. वर पांढरा, खाली निळा, त्याखाली विटकरी, मग राखाडी आणि अगदी तळाला बिनचकाकीचा लष्करी हिरवा. सीटखाली आणि डॅशच्या मागे तो अजून शाबूत आहे, म्हणून तळहाताएवढा तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय. रंग जुळवताना उपयोगी पडेल.

मोठ्या सपाट पत्र्यांवर ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून रंग-गंज काढणं, केलं नाही. जाड कण जोराने आपटले की पत्रा ताणला जातो आणि मग तो कायमचा टणकारतो, डब्याच्या झाकणासारखा. बाजूचे पत्रे वायर व्हील आणि रिमूव्हरने घासले. ब्लास्टिंग फक्त कोपऱ्यात, चॅनेलच्या कडांना, जिथे ब्रश पोचत नाही तिथे. तेही गार्नेट या खनिजाच्या कणांनी. नदीच्या वाळूची धूळ छातीत बसते, ती इथे वापरणार नाही. रहाटाचा इथे मोठा फायदा. नोझल हातात धरून माणूस उभाच राहतो, कोपरा त्याच्यासमोर येतो, आणि काम झालं की बॉडी फिरवून सगळे कण बाहेर.

शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली, चौथ्या थराच्या तळाशी, एक ठिगळ निघालं. वीतभर लांब, रिव्हेट मारलेलं, कडेने डाख दिलेला. वायर व्हील लावलं तशी विटकरी रंगाखालून पिवळी झाक दिसली. व्हील बंद केलं, रिमूव्हर बोळ्याने हळूहळू लावला. पिवळ्यावर हिरवं ताडाचं झाड वर आलं. डालड्याच्या डब्याचा पत्रा! झाडाचा शेंडा एका रिव्हेटखाली गेला होता. अकरा रिव्हेट, सगळे सारख्या अंतरावर, कडा आत दुमडून हातोडीने चेपलेल्या, म्हणजे कुणाच्या पायाला लागू नयेत.

बाबा म्हणाले की हे आजोबांच्या गावच्या तांबटाचं काम. गावात वेल्डिंग नव्हतं, वीजही नव्हती. गळीत हंगामात गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून कळशीला डाख देणाऱ्याने जीपला डाख दिला. आज सगळ्यांत कमी गंज त्याच ठिगळाखाली निघाला. नंतरच्या मिस्त्र्यांनी वर लावलेले तीन थर सडले, हे टिकलं.

आतापर्यंत मी ‘ठिगळ’ हा शब्द वाईट कामासाठी वापरत होतो. या वहीत वर एक-दोनदा तसा लिहिलाय, तो तिथे तसाच ठेवतो.

२१ जानेवारी

सडलेला फ्लोअर कापला. तांबटाचा तुकडा चार बोटं मोकळा पत्रा ठेवून अख्खा काढला आणि जवसाचं तेल लावून कपाटात ठेवला. तो पुन्हा फ्लोअरमधे बसवावा असं धाकट्याचं म्हणणं आहे. पण त्याच्या कडेचा मूळ पत्रा कागदासारखा झालाय, वेल्ड धरणार नाही. माझ्या मते तो जपून ठेवावा, चालवू नये. दोघेही अडून बसलोय.

दुसरं, फ्लोअर निघाला आणि समतोल बिघडला. महिन्यापूर्वी बोटाने फिरणारी बॉडी आज पिन काढताच काउल खाली करून लटकली. तळातलं वजन गेलं, वरचं राहिलं, मग आस पुन्हा वर घ्यावा लागला. १७ डिसेंबरच्या नियमामुळे कुणालाही लागलं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: समतोल एकदा साधून काम संपत नाही. प्रत्येक मोठा पत्रा निघाला किंवा बसला की आस तपासायचा. आता प्लेटवर रंगाच्या खुणा करून तारीख लिहितोय.

४ फेब्रुवारी

नवा फ्लोअर १६ गेज, बाजूचे तुकडे १८ गेज. मिग वेल्डिंग, ०.८ मिमीची तार. एका दमात लांब टाका मारायचा नाही. इथे एक, मग हातभर लांब दुसरा, मग परत मधे, आणि हात लावून गार झालाय का बघायचं. बॉडी फिरवून प्रत्येक शिवण मामांच्या छातीसमोर आडवी आणली. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून वेल्डिंग केलेला माणूस आज स्टुलावर बसून काम करत होता. चहाच्या वेळी म्हणाले, “पंचवीस वर्षांमागं ह्यो रहाट असता, तर माझी मान आज अशी नसती.”

१८ फेब्रुवारी

फ्लोअरखालच्या हॅट चॅनेलचा दिवस. टोपीच्या आकाराचे हे आडवे चॅनेल फ्लोअरला खालून मजबुती देतात आणि चासीचे बोल्ट यांतूनच जातात. फॅक्टरीने त्यांच्या आत लाकडी पट्ट्या भरल्या होत्या, बोल्ट आवळताना चॅनेल चेपू नये म्हणून. युद्धात दोन-चार वर्षं चालवायच्या गाडीला ते पुरेसं होतं. ऐंशी वर्षांत लाकडाने पाणी पिऊन धरून ठेवलं आणि चॅनेल आतून संपला. मूळ लाकूड बोटाने चुरडलं तर तपकिरीसारखं झालं.

आम्ही सागाच्या पट्ट्या घेतल्या, जुन्या वाड्याच्या तुळईतल्या, पुरत्या मुरलेल्या. आठवडाभर जवसाच्या तेलात बुडवून वाळवल्या. चॅनेलला आतून इपॉक्सी प्रायमर, आणि तळाला मूळ नसलेली दोन बारीक भोकं, पाणी निघून जायला. मुळाशी इमान म्हणून ती पाडायला नकोत असं कुणी म्हणेल. मी पाडली. कोल्हापूरच्या पावसात ही गाडी चालणार आहे, काचेच्या कपाटात उभी राहणार नाही.

भोकांच्या जागांसाठी चासीवरून प्लायचा साचा काढून आणला होता, बॉडी उलटी असतानाच लावून खुणा केल्या.

२५ फेब्रुवारी

दिवसभर लाइट नाही. काम बंद.

१० मार्च

प्रायमर. आधी बॉडी उलटी करून पोट, तासाभराने कुशीवर, मग सरळ. दुहेरी पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला प्रायमर ओतला आणि बॉडी सावकाश पूर्ण फिरवली. प्रायमर शिवणीतून पलीकडून डोकावला तिथे पुसून घेतला. ब्रश किंवा गन कधीच पोचली नसती अशा जागी तो आपसूक गेला. काउलची वाकलेली कड आधीच सरळ केली होती, तिथे थोडी लांबी (पुट्टी) भरावी लागली. बाकी बॉडीला लांबी नाही.

३१ मार्च

लष्करी हिरवा लागला. सीटखालच्या तुकड्याशी जुळवायला पेंटरने पाच वेळा रंग बदलून बघितला. दुकानातल्या तक्त्यावरची छटा जास्त हिरवी होती, आपल्यात मातकटपणा जास्त आहे. कुशीवर, उलटी, सरळ अशा तीन स्थितींत मारला, कुठेही ओघळ नाही.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर बॉडी रहाटावरून उतरवली आणि चासीवर ठेवली. मधे कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचे कापलेले तुकडे.

मागची दोन भोकं जुळेनात. दोन सुतांचा फरक. आम्ही बॉडी ढकलली, उचलली, पहार घालून बघितली. मग साचा आणून चासीवर ठेवला, तर तंतोतंत बसतो. तोच बॉडीखाली धरला तेव्हा उलगडा झाला. खुणा करताना बॉडी उलटी होती आणि मी साचा मात्र सरळ ठेवला. डावं उजवीकडे गेलं. पुढची भोकं दोन्ही बाजूंना सारखी असल्यामुळे तिथे जुळलं, मागची सारखी नाहीत. साच्यावर फक्त ‘पुढे’ असं लिहिलं होतं. ‘वर’ आणि ‘डावी’ लिहिलं असतं तर हे झालं नसतं.

बाबांचं मत पडलं की भोकं कानशीने लांब करून बोल्ट घाला, कुणाला दिसतंय. ते ऐकलं नाही. मोठ्या भोकात बोल्ट हलतो, चॅनेल खातो, आणि वीस वर्षांनी कुणीतरी वरून ठिगळ मारतो.

१४ एप्रिल

बॉडी पुन्हा रहाटावर. आस आधी तपासला. दोन्ही भोकं वेल्डने भरली, घासली, साच्यावर तिन्ही शब्द लिहून नव्याने पाडली. प्रायमर, रंग. संध्याकाळी परत चासीवर. सगळे बोल्ट हाताने आत गेले, पाना फक्त शेवटच्या दोन आट्यांना. त्यातले सात एफवाले.

तांबटाच्या तुकड्याचा निकाल धाकट्याच्या बाजूने लागला, अर्धा. तो शेजारच्या सीटखाली, नव्या फ्लोअरवर, चार स्क्रूंनी बसवलाय. भार त्याच्यावर येत नाही, सीट उचलली की ताडाचं झाड दिसतं.

रहाट पुढच्या रविवारी मामांच्या शेडमधे जाईल. त्यांच्याकडे एक महिंद्राची जुनी जीप आलीय, तिचा फ्लोअरही वरूनच शिवलेला आहे. प्लेटवरच्या आमच्या खुणा पुसून देतो, तिचा आस तिला नव्याने शोधावा लागेल. इकडे आता वायरिंग.